झील धरणारे दोघे

पोवाडा ऐकून मंडळी घरी परततात तेव्हा शाहिराचे नाव त्यांच्या तोंडी असते. त्याच्या पाठीशी उभे राहून झील धरणाऱ्या दोघातिघांची नावे कोणी विचारीत नाही. शाहीर एक कडवे म्हणून श्वास घेतो, आणि त्या श्वासाची जागा हे लोक भरून काढतात. त्यांनी ती भरली नाही तर वीरश्रीचा सारा डोलारा मधल्यामध्ये खचेल. कीर्तनातल्या टाळकऱ्यांचेही तेच. बुवांचे आख्यान आपण वर्षभर आठवतो. ध्रुवपद उचलून धरणारे गळे आपल्याला आठवत नाहीत. कलेच्या जगातला हा एक जुना अन्याय आहे. त्यावर कोणी मोर्चा काढीत नाही, आणि ज्यांच्यावर तो होतो तेही सहसा तक्रार करीत नाहीत.

हा विचार मनात घोळू लागला तो एका दूरच्या बेटावरल्या तीन गायकांमुळे. बेटाचे नाव जमैका आणि गायकमंडळीचे नाव ‘द मेटल्स’. जमैका म्हटले की आपल्याकडल्या वाचकाला पहिल्याने क्रिकेट आठवते. किंग्स्टनच्या सबायना पार्कवर १९७१ साली आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, आणि वेस्ट इंडीजला फॉलोऑन घ्यावा लागला, ही गोष्ट घरोघरी रेडिओवाल्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितली आहे. परंतु ज्या शहरात त्या धावा निघाल्या त्याच शहराच्या गल्ल्यांतून तेव्हा एक नवे संगीत जन्माला येऊन तीन वर्षे झाली होती, हे आपल्याला ठाऊक नव्हते. त्या संगीताला ‘रेगे’ हे नाव ज्या गाण्यामुळे चिकटले ते गाणे या तिघांचे.

बेट ते केवढे? रत्नागिरी जिल्हा आणि गोवा एकत्र केला तर जेवढा मुलूख होईल त्याहूनही थोडे लहान. वस्ती तीस लाखांच्या आत. इंग्रजांनी तेथे उसाचे मळे लावले, मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले, आणि १८३८ मध्ये ते गुलाम पुरते मुक्त झाल्यावर मजुरांची वाण पडली म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. १९१७ पर्यंत हा व्यवहार चालू होता, आणि तेवढ्या काळात छत्तीस हजारांच्या वर आपली माणसे त्या बेटावर उतरली. त्यांनी नेलेल्या वस्तूंपैकी एक वस्तू आणि तिचे नाव तेथे असे रुजले की जमैकाच्या बोलीत आणि कायद्याच्या पुस्तकातसुद्धा तो शब्द ‘गांजा’ असाच आहे. सणासुदीच्या अंकात हा शब्द लिहिताना हात थोडा अडखळतो. पण पुढची कथा त्यावाचून सांगता येत नाही.

मंडळीतला मुख्य गायक फ्रेडरिक हिबर्ट. त्याला सारे ‘टूट्स’ म्हणत. ८ डिसेंबर १९४२ रोजी क्लॅरेंडन परगण्यातल्या मे पेन या गावी त्याचा जन्म झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. घरातले वळण कडक. आईवडील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे; म्हणजे शनिवार पाळायचा, देवळात जायचे आणि सामुदायिक प्रार्थनेत गायचे. त्या पोराला गाण्याची शाळा अशी मिळाली नाही. त्याची शाळा म्हणजे ते देऊळ. तेथे धर्मोपदेशकाने एक वाक्य उच्चारावे आणि सगळ्या समुदायाने ते उचलावे, पुन्हा त्याने वरच्या पट्टीत न्यावे आणि पुन्हा समुदायाने त्याला खांदा द्यावा, अशी रीत होती. आईबाप लहानपणीच गेले. मुलगा राजधानीत, किंग्स्टनमध्ये, भावाकडे आला. ट्रेंचटाऊन ही तिथली गरिबांची वस्ती. तेथे तो एका केशकर्तनालयात काम करू लागला. काम करताना तो गाई, आणि ते ऐकून दोन तरुण त्याच्याकडे आले: रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस. साठ-एकसष्टच्या सुमारास या तिघांची मंडळी जमली. ६ ऑगस्ट १९६२ रोजी त्यांचा देश स्वतंत्र झाला. मंडळी आणि देश, दोघांचेही मिसरूड एकदमच फुटले म्हणायचे.

त्या काळी किंग्स्टनमध्ये गाण्याचा धंदा कसा चाले हे समजून घेण्यासारखे आहे. गरिबांच्या घरी ग्रामोफोन नव्हते. म्हणून काही हिकमती माणसे मोठमोठे कर्णे मालमोटारीवर लादून आणीत, एखाद्या मोकळ्या आवारात मांडीत आणि तबकड्या वाजवून रात्रभर नाच घडवून आणीत. कोणाच्या कर्ण्यांपुढे गर्दी जास्त, यावर त्या माणसाची पत ठरे. परदेशी तबकड्या पुरेनात, तेव्हा या मंडळींनी आपल्याच पोरांना गायला लावून स्वतःच्या तबकड्या काढायला सुरुवात केली. अशांपैकी कॉक्सन डॉड याच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये मेटल्सनी पहिली गाणी म्हटली. पुढे ते प्रिन्स बस्टरकडे गेले, मग बायरन ली याच्याकडे. त्या वेळच्या चालीला ‘स्का’ म्हणत. तिची लय धावती, आणि ठेका असा की आपल्या भजनात टाळ जिथे पडेल तिथे जागा मोकळी, आणि दोन मात्रांच्या मधल्या फटीत गिटारचा तुटक आघात. ऐकणाऱ्याचे पाय त्या फटीत सापडतात आणि मग सुटका नाही.

या पहिल्या गाण्यांत एक गाणे आहे ज्यात जुन्या करारातल्या ग्रंथांची नावे एकापाठोपाठ एक म्हटली आहेत. नुसती नामावळी! तरी ते ऐकताना कंटाळा येत नाही. का येत नाही? टूट्स नाव उच्चारतो ते पाठ म्हणणाऱ्या मुलासारखे नव्हे, तर हाक मारल्यासारखे. आणि मागले दोघे त्या हाकेला ओ देतात. त्यांचे आवाज टूट्सपेक्षा गोड आहेत असे नाही. ते सरळ आहेत, थोडे कोरडेही आहेत. टूट्सचा आवाज खरखरीत, तापलेला, कधी घोगरा होऊन फाटेल की काय अशी भीती घालणारा. फाटायच्या टोकाशी तो आला की हे दोघे शांतपणे आपली एक ओळ ठेवून देतात, विहिरीच्या काठावर कोणी कळशी ठेवावी तशी. मग तो पुन्हा उतरायला मोकळा. गाण्यातले हे देणेघेणे मी मेटल्सचा प्राण समजतो, आणि पुढचे सर्व विवेचन याच एका समजुतीवर उभे आहे.

१९६६ साली नव्या सरकारने स्वातंत्र्योत्सवानिमित्त लोकप्रिय गीतांची स्पर्धा सुरू केली. आपल्याकडे गणेशोत्सवात मेळ्यांच्या स्पर्धा होत तशीच. बक्षिसापेक्षा मान मोठा. पहिल्याच वर्षी मेटल्सचे ‘बॅम बॅम’ पहिले आले. मी शांततेने चाललो आहे, माझ्या वाटेला जाल तर मात्र बरे होणार नाही, असा त्याचा भावार्थ. सारे बेट ते गाणे गाऊ लागले. आणि त्यानंतर थोड्याच काळात गांजा बाळगल्याच्या आरोपावरून टूट्सला अटक झाली आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आपण निर्दोष होतो असे तो पुढे नेहमी सांगत आला. खरे काय ते न्यायाधीशाला माहीत आणि देवाला. एवढे मात्र नोंदवायला हवे की २०१५ मध्ये जमैकाने कायदा बदलला, आणि थोड्याशा गांजासाठी माणसाला गुन्हेगार ठरविण्याची पद्धत बंद केली. तोवर अनेकांची तरुण वर्षे गजांआड गेली होती.

सुटून आल्यावर मंडळी लेस्ली काँग याच्याकडे गेली. हा चिनी वंशाचा जमैकन. ऑरेंज स्ट्रीटवर ‘बेव्हरलीज’ नावाचे त्याचे आइस्क्रीमचे आणि तबकड्यांचे दुकान होते. त्याच्यासाठी १९६८ मध्ये मेटल्सनी ‘५४-४६ दॅट्स माय नंबर’ हे गाणे म्हटले. तुरुंगात माणसाचे नाव जाते आणि आकडा येतो; तो आकडा हेच या गाण्याचे ध्रुवपद.

या गाण्याची बांधणी पाहावी. आरंभी पोलिसांचा हुकूम आहे: हात वर कर. पुढे आरोपीचे म्हणणे: मी काही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा मूर्ख नव्हे. आणि मग तो आकडा. पण खरी गंमत यानंतर आहे. गाण्याच्या उत्तरार्धात टूट्स वादकांना हुकूम करू लागतो. एकदा वाजवा, म्हणतो. वाद्यवृंद एक आघात करतो. दोनदा म्हणतो, दोन होतात. तीनदा, चारदा. पहिल्या भागात ज्याला दुसऱ्याच्या हुकमाने हात वर करावे लागले, त्याच्याच हुकमाने आता सारा वाद्यवृंद चालतो आहे. तक्रारीचा एक शब्द न वाढवता, कोणाला शिव्याशाप न देता, केवळ मोजणीच्या खेळातून माणसाने आपले माणूसपण परत मिळविले. आकड्याने त्याला बांधले होते, आकड्यांनीच त्याने स्वतःला सोडविले. पुष्कळ शिकलेल्या कादंबरीकारांना चारशे पानांत जे साधत नाही ते इथे तीन मिनिटांत साधले आहे, आणि लोक त्यावर नाचत आहेत.

त्यातच एक वाक्य जाता जाता येऊन जाते. तो आकडा आता दुसऱ्या कोणाचा तरी झाला आहे, असे गाणारा सांगतो. पहिल्यांदा ऐकताना ते सुटकेच्या आनंदात विरून जाते. पुन्हा ऐकताना मात्र ते घशात अडकते. मी सुटलो, पण खोली रिकामी राहिलेली नाही. माझा बिल्ला दुसऱ्याच्या छातीवर गेला आहे. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्याचे उत्तर यायचे आहे.

त्याच १९६८ साली ‘डू द रेगे’ हे गाणे आले. कोणत्याही गाण्याच्या नावात हा शब्द तोवर आला नव्हता. टूट्स सांगे की फाटक्या, गबाळ्या माणसाला गल्लीत जो शब्द वापरीत, त्यावरून हा सुचला. म्हणजे पुढे जगभर ज्या नावाने एक संगीत मिरविले, ते मूळचे फाटक्या कपड्यांचे नाव. आपल्या लोककलांचीही कित्येक नावे अशीच प्रथम कोणीतरी नाक मुरडून ठेविलेली नसतील कशावरून?

१९६९ मध्ये ‘स्वीट अँड डँडी’ या गाण्याने मंडळीने उत्सवाची स्पर्धा पुन्हा जिंकली. हे एका खेड्यातल्या लग्नाचे गाणे आहे आणि दिवाळीत घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ऐकावे असे आहे. एका खोलीत नवरी रडते आहे. आई तिला डोळे पूस म्हणून समजावते. दुसऱ्या खोलीत नवरदेवाचे अवसान गळाले आहे. वडीलधारे त्याला धीर देतात. बाहेर केकवर किती पैसे पडले याचा हिशेब, पेयांच्या बाटल्या, पांढऱ्या कपड्यातली माणसे, नाच. बस्स, एवढेच. आपल्याकडे मांडवात एकीकडे मुलगी मुळुमुळु रडत असते, एकीकडे वरमाईचा रुसवा चाललेला असतो आणि आचारी साखर संपल्याची वर्दी घेऊन आलेला असतो. त्याच्याहून हे फार निराळे नाही. गाणाऱ्याने यातल्या कोणाचीही थट्टा केलेली नाही आणि कोणाला मोठेही केलेले नाही. गरिबाने ऐपतीबाहेर जाऊन मांडलेला एक आनंद त्याने जसाच्या तसा उचलला, आणि मागल्या दोघांनी वऱ्हाडी होऊन त्याला साथ दिली. इथे झील म्हणजेच वऱ्हाड. तिच्यावाचून हे लग्न लागणारच नाही.

‘प्रेशर ड्रॉप’ याच काळातले. वादळ येण्यापूर्वी हवेचा दाब उतरतो, हे आपल्या कोकणातला कोळीही अंगाने ओळखतो. टूट्सच्या सांगण्याप्रमाणे हे गाणे कर्मफळाचे आहे: ज्याने निरपराधाला छळले त्याच्यावर ते उलटेल. ‘करावे तसे भरावे’ हेच. पण गाण्यात राग कुठे दिसत नाही. आवाजात एक प्रकारची खात्री आहे, आणि खात्री असलेल्या माणसाला ओरडावे लागत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो जाणकारांकडून येतो. जमैकाचे संगीत म्हटले की जगाला बॉब मार्ली आठवतो. त्याच्या गाण्यात दलितांचा उठाव आहे, धर्माची हाक आहे, इतिहासाची जाण आहे. त्याच्यापुढे मेटल्स म्हणजे लग्न, नाच, मौजमजा; गोड, पण हलके. हा आक्षेप मला मान्य नाही. मार्लीचे मोठेपण मी नाकारीत नाही. परंतु दुःखाविषयी बोलण्याची एकच रीत नसते. आपल्या संतांनी दळिताकांडिता ओव्या गाणाऱ्या जनाबाईला हलके मानले नाही. दळण संपले नाही, जाते थांबले नाही, पण दळणाऱ्या बाईचा भार कोणीतरी वाटून घेतला. एवढ्याने तिचे गाणे उभे राहते. मेटल्सचे तसेच आहे. ते अन्यायावर भाष्य करीत नाहीत. अन्याय सोसून आलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांत उभे राहता येते, हे ते गाऊन सिद्ध करतात. हे चारचौघांत उभे राहणे एकट्या गळ्याने दाखविता येत नाही, त्याला चारचौघे लागतात. म्हणून त्यांच्या गाण्याला तीन आवाजांची गरज होती.

आणि नेमके तेच पुढे हळूहळू सुटत गेले. १९७१ मध्ये लेस्ली काँग हृदयविकाराने वारला. चाळिशीही गाठली नव्हती. १९७२ मध्ये ‘पॉम्प्स अँड प्राइड’ने मंडळीला तिसऱ्यांदा उत्सवाचा मान मिळवून दिला. त्याच वर्षी पेरी हेन्झेल या दिग्दर्शकाचा ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट निघाला. त्यात गाणी मुद्रित करण्याच्या खोलीत ही मंडळी ‘स्वीट अँड डँडी’ म्हणताना प्रत्यक्ष दिसते, आणि चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची दोन गाणी आहेत. त्या ध्वनिमुद्रिकेने इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रोत्यांना रेगेची ओळख करून दिली. ख्रिस ब्लॅकवेलच्या ‘आयलंड’ कंपनीने मंडळीला जगापुढे आणले. याच सुमारास नाव बदलले. ‘द मेटल्स’चे ‘टूट्स अँड द मेटल्स’ झाले.

एका शब्दाने काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मला वाटते, पुष्कळ बिघडले. पहिल्या नावात तिघे होते. दुसऱ्यात एक आहे आणि बाकीचे ‘आणि’नंतर आहेत. त्याच काळात ‘द वेलर्स’चे ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’ झाले, आणि पीटर टॉश व बनी वेलर हे दोघे १९७४ पर्यंत बाहेर पडले. बाजाराला एक चेहरा हवा असतो. तबकडीच्या वेष्टनावर तीन चेहरे मावतात, पण गिऱ्हाइकाच्या ध्यानात एकच राहतो. या व्यवहारात कोणी दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. व्यवहार असाच असतो, एवढेच.

या काळातले काम वाईट आहे असेही नव्हे. १९७३ चे ‘फंकी किंग्स्टन’ ऐकावे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचा दमदारपणा आणि किंग्स्टनचा ठेका यांची अशी गाठ पुन्हा कोणाला घालता आली नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या रस्त्यांवरले एक अमेरिकन लोकप्रिय गीत टूट्सने घेतले आणि त्यातले गाव बदलून आपले बेट घातले. आता ते गाणे परमुलखात राबणाऱ्या प्रत्येक जमैकन माणसाचे झाले. मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढून गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला ते समजावून सांगावे लागणार नाही. जॅकी जॅक्सन, पॉल डग्लस यांच्यासारखे वादक मागे खडे होते, त्यांचा हात कधी ढिला पडला नाही. पण १९७६ चे ‘रेगे गॉट सोल’ ऐकताना लक्षात येते की झील मागे सरकली आहे. वाद्ये वाढली, सफाई वाढली, आणि दोघांचे आवाज सजावटीच्या कामाला लागले. पूर्वी ते टूट्सला उत्तर देत. आता ते त्याला दुजोरा देतात. उत्तर आणि दुजोरा यांत फरक आहे. संसारात तो नवराबायकोला कळतो, गाण्यात श्रोत्याला.

२९ सप्टेंबर १९८० रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले येथे झालेली त्यांची मैफल मुद्रित करून चोवीस तासांच्या आत तिची तबकडी दुकानात आणली गेली. हा विक्रम मानला जातो. घाईघाईत केलेल्या या तबकडीत मात्र जुने मेटल्स पुन्हा भेटतात. समोर माणसे होती ना! श्रोते स्वतःच झील धरू लागले आणि गाणे पुन्हा देवळातल्यासारखे पेटले. त्यानंतर लवकरच मंडळी मोडली. एकोणीस-वीस वर्षे एका गळ्याच्या मागे उभे राहिलेले रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस रंगमंचावरून उतरले. टूट्सची पुढची चरित्रे सविस्तर लिहिली गेली. या दोघांना त्यात थोड्या ओळी आल्या.

१९८८ मध्ये टूट्सने मेंफिस येथे जाऊन अमेरिकन ‘सोल’ गीतांची एक ध्वनिमुद्रिका केली. गळा तसाच तेजस्वी. ऐकताना मान डोलते. पण शाहीर मैदानात एकटा उभा आहे असे वाटत राहते. नव्वदीत त्याने नवे मेटल्स जमविले आणि गावोगाव, देशोदेशी हिंडला. २००४ च्या ‘ट्रू लव्ह’मध्ये त्याने आपली जुनी गाणी एरिक क्लॅप्टन, विली नेल्सन, कीथ रिचर्ड्स, बॉनी रेट अशा नामांकितांबरोबर पुन्हा म्हटली, आणि तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पारितोषिकाबद्दल आनंद आहे. पण पाहुणे ते पाहुणे. ते येतात, आदराने आपली ओळ म्हणतात, निघून जातात. घरच्या माणसासारखे ते आपल्याला अडवीत नाहीत. जुन्या तबकड्यांत त्या दोघांची एक कोरडी ओळ जे काम करी, ते या सगळ्या थोरांच्या गर्दीला जमलेले नाही.

आता त्या ठेवलेल्या वाक्याकडे येतो. मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरी टूट्स गात असता श्रोत्यांतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने दारूची बाटली फेकली. ती टूट्सच्या डोक्याला लागली. जखम मोठी होती, टाके पडले. त्याहून मोठी इजा आत झाली. गर्दीची भीती बसली आणि पुढली तीनेक वर्षे हा माणूस रंगमंचावर उभा राहू शकला नाही. ज्याला श्रोत्यांतून बळ मिळे त्याला श्रोत्यांचेच भय वाटावे, याहून गायकाला कठोर शिक्षा कोणती? खटला उभा राहिला. मुलाला दीर्घ तुरुंगवास होऊ शकला असता. तेव्हा टूट्सने न्यायाधीशाला पत्र लिहून दयेची विनंती केली. हा पोरगा तरुण आहे, तुरुंगात तरुणांचे काय होते ते मी ऐकून आहे, त्याच्या वाट्याला ते आले तर माझेच दुःख वाढेल, असा त्या पत्राचा आशय होता. मुलाला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

समीक्षकाने कलावंताच्या आयुष्यात फार डोकावू नये, हा नियम मी पाळतो. पण येथे आयुष्याने गाण्यावरच भाष्य केले आहे. १९६८ मध्ये त्याने म्हटले होते की माझा आकडा आता दुसऱ्याचा झाला. तेव्हा ती नुसती नोंद होती. २०१३ मध्ये तो दुसरा माणूस समोर उभा राहिला, आणि तोही असा की ज्याने याचे डोके फोडले. तरी त्याच्या छातीवर तो बिल्ला जास्त दिवस राहू नये म्हणून जखमी माणसाने लेखणी उचलली. ‘प्रेशर ड्रॉप’ लिहिणाऱ्याला कर्मफळाचा हिशेब मांडण्याची आयती संधी आली होती, आणि त्याने ती घेतली नाही. त्याच्या गाण्यातला आनंद हलका आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला या पत्रात मिळते. हलक्या आनंदातून असे पत्र निघत नाही.

२०१६ मध्ये तो पुन्हा गाऊ लागला. २०२० साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने स्वातंत्र्योत्सवाच्या त्याच गीतस्पर्धेत पुन्हा भाग घेतला, जी त्याने चोपन्न वर्षांपूर्वी पहिल्याने जिंकली होती. कीर्ती, पारितोषिके, देशाचा ‘ऑर्डर ऑफ जमैका’ हा किताब, सर्व गाठीशी असताना नातवंडांच्या वयाच्या गायकांबरोबर रांगेत उभे राहायला त्याला कमीपणा वाटला नाही. या वेळी बक्षीस दुसऱ्याला गेले. त्या वर्षीच्या २८ ऑगस्टला त्याची ‘गॉट टु बी टफ’ ही नवी ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ११ सप्टेंबर रोजी किंग्स्टनच्या रुग्णालयात, करोनाच्या साथीत, तो गेला. पुढच्या वर्षी त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले. घ्यायला तो नव्हता.

ज्यांना या मंडळीची ओळख करून घ्यायची असेल त्यांनी शेवटच्या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात करू नये, आणि नामांकित पाहुण्यांच्या सोबतीपासून तर नकोच. १९६८ ते १९७१ या तीन वर्षांत लेस्ली काँगसाठी म्हटलेली गाणी आधी ऐकावी. आवाज थोडा धूसर येईल, चालेल. पहिल्यांदा टूट्सकडे लक्ष द्यावे, कारण तो तुम्हाला दुसरीकडे पाहूच देणार नाही. दुसऱ्यांदा तेच गाणे लावून त्याच्याकडे पाठ फिरवावी आणि फक्त मागल्या दोघांना ऐकावे: कुठे ते थांबतात, कुठे उचलतात, कुठे नुसता एक स्वर धरून उभे राहतात. मुलांना असे ऐकायला सांगितले तर ती पटकन शिकतात. मोठ्यांना जरा वेळ लागतो. एकदा ते दोन आवाज वेगळे ऐकू आले, की पुढच्या वेळी गावच्या जत्रेतल्या पोवाड्यातही शाहिराच्या मागच्या माणसांकडे आपली नजर जाईल, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांची नावे विचारावीशी वाटतील. ती जरूर विचारावी.